भाऊंची बंदूक कोणाच्या नावावर?

दसरा जवळ आला की माझ्या फोनवर ठरावीक रील्स यायला लागतात. कौलारू घर, शेणानं सारवलेलं खळं, खळ्यात पाट आणि पाटावर झेंडूच्या फुलांत ठेवलेली एकनळी बंदूक. मागे ढोल-ताशा. मग स्लो मोशनमध्ये एक नातू ती बंदूक खांद्यावर टाकून कॅमेऱ्याकडे चालत येतो. पायात पांढरे शूज. खाली लिहिलेलं असतं, 'आजोबांचा वारसा' किंवा 'रक्तातच आहे'. कमेंटमध्ये वाघ आणि आगीचे इमोजी.

मला या रील्सचा राग येतो. त्या बंदुकीनं आयुष्यभर जे काम केलं ते या तीस सेकंदांत कुठेच दिसत नाही. शेत नसतं, डुक्कर नसतं, रात्रभर जागून तांबारलेले डोळे नसतात. पाटावर ठेवलेला कोयता आणि नांगराचा फाळही कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर राहतो. खंडेनवमीला हे सगळं एकत्र पुजतात, पण लाइक बंदुकीलाच मिळतात.

माझं गाव सिंधुदुर्गात, सह्याद्रीच्या पायथ्याला. माझ्या माहितीतल्या जितक्या घरांत बंदूक होती किंवा अजून आहे, तिथला परवाना शेतीसंरक्षणाचा आहे. म्हणजे सरकारदरबारी ती राखणीची वस्तू आहे. जो शेत राखतो त्याच्या हातात ती असावी, एवढंच मला म्हणायचं आहे. यात वाद घालण्यासारखं काही नाही असं वाटेल. पण आमच्या घरात गेलं वर्षभर यावरूनच वाद चालू आहे, आणि तो फक्त आमच्या घरातला नाही म्हणून इथे लिहिते आहे.

आधी ती बंदूक कशी होती ते सांगते, कारण रीलमध्ये दिसते तिच्यापेक्षा ती बरीच कमी रुबाबदार होती.

आजोबांना सगळे भाऊ म्हणायचे. भाऊंची बंदूक ठासणीची. काडतूस घातलं आणि चाप ओढला, इतकं सोपं काम नाही. नळीच्या तोंडातून आधी काळी दारू ओतायची. मग नारळाच्या सोडणाचा काथ्या कोंबायचा आणि लोखंडी गजानं ठासायचा. मग छर्रे. पुन्हा काथ्या, पुन्हा ठासणं. मागे घोड्याखाली छोटी टोपी बसवायची. एवढं केल्यावर एक बार. दुसरा बार हवा असेल तर पहिल्यापासून सुरुवात. ऑक्टोबरातल्या रात्री, वरून पाऊस, बॅटरी दातांत धरलेली, अशा अवस्थेत हे करून बघा म्हणजे तिला 'शान' म्हणायची इच्छा होणार नाही. दारू सर्दावली असेल तर एवढ्या खटाटोपानंतर नुसतं फुस्स.

बहुतेक वेळा भाऊ छर्रे घालतच नसत. नुसती दारू ठासून रिकामा बार काढायचे. शेताच्या कडेला मांगर होता, तिथे ते झोपायचे, म्हणजे पडून राहायचे. हळवं भात पिकू लागलं की सप्टेंबरच्या शेवटापासून, आणि गरवं भात कापून होईपर्यंत, म्हणजे थेट दिवाळीपर्यंत त्यांचा मुक्काम तिथे. आधी पत्र्याचा डबा बडवायचा. मग आरोळ्या. त्यानंही भागलं नाही तर बार. तो आवाज डोंगराला आपटून परत यायचा आणि डुकरं दोन-तीन रात्री फिरकायची नाहीत. चौथ्या रात्री यायचीच. डुक्कर भात खातं त्यापेक्षा जास्त लोळून नासवतं, हे शेतात जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. दाण्यात दूध भरलेल्या भातावरून डुकरांचा कळप गेला की सकाळी ते शेत कुणी ढकलून पाडल्यासारखं दिसतं. तिथे कापायला काही उरत नाही. कणग्या, करांदे, सुरण तर मुळासकट उकरलेले.

घरात बंदूक माजघराच्या दरवाजावर दोन खुंट्यांना आडवी टांगलेली. दर पंधरा दिवसांनी भाऊ नळीत खोबरेल तेलाचा बोळा फिरवायचे. आम्हा मुलांना हात लावायची बंदी होती. पण खरी गंमत पुढे आहे. बंदूक भाऊंच्या ताब्यात, पण टोप्यांची डबी आजीच्या फडताळात, किल्ली आजीच्या कमरेला. टोपी नाही तर बार नाही. भाऊंना रात्री मांगरावर जाताना आजीकडून मोजून चार टोप्या घ्याव्या लागत आणि सकाळी उरलेल्या परत कराव्या लागत. कुणाशी भांडण झालेलं असेल किंवा भाऊ कुठून 'घेऊन' आलेले असतील, तर त्या रात्री किल्ली सापडत नसे.

मला ही व्यवस्था पुढे वाचलेल्या कितीतरी नियमांपेक्षा शहाणी वाटते. आणि कुठल्याही रीलमध्ये आजी नसते.

आजीला ती बंदूक कधीच आवडली नाही. "ती घरात आसा तवसर माका झोप नाय," असं ती उघड म्हणायची. तिच्या भावाला तरुणपणी शिकारीच्या वेळी मांडीत छर्रे लागले होते. हाकाऱ्यांनी रान उठवलं होतं, वाटेवर बसलेल्याला झाळीत काहीतरी हललेलं दिसलं, त्यानं चाप ओढला. झाळीत डुक्कर नव्हतं. ते आजोबा आयुष्यभर लंगडत चालले. कोकणात अशी गोष्ट नसलेला गाव शोधावा लागेल. शिकारीच्या कथा रंगवून सांगणारे काका-मामा ही गोष्ट सांगत नाहीत, सांगितलीच तर हसत सांगतात.

तेव्हा मी बंदुकीच्या प्रेमात नाही, हे लक्षात घ्या. मी एकही प्राणी मारलेला नाही, मारायची इच्छा नाही. माझं भांडण वेगळ्या गोष्टीशी आहे.

थोडा इतिहास बघू, कारण 'वारसा' म्हणणाऱ्यांना तो माहीत असायला हवा. आज आपण ज्याला परवाना म्हणतो त्याचं मूळ १८७८ च्या शस्त्र कायद्यात आहे. व्हाइसरॉय लिटनचा काळ. त्याच वर्षी त्यानं देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचं तोंड बांधणारा कायदाही आणला. शस्त्र कायद्यातून युरोपियनांना सूट होती, एतद्देशीयाला परवाना लागायचा. १९३० च्या जानेवारीत, मिठाच्या सत्याग्रहाआधी, गांधींनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या. त्यांत मिठावरचा कर रद्द करणं होतं, शेतसारा निम्मा करणं होतं, आणि स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्या, त्यावर लोकांचं नियंत्रण असू द्या, हीही एक मागणी होती. अहिंसेचं तत्त्व सांगणाऱ्या माणसाच्या यादीत ही मागणी वाचून मी पहिल्यांदा चक्रावले होते. मग लक्षात आलं, मुद्दा नियंत्रण कुणाचं हा होता.

स्वतंत्र भारतानं १९५९ साली नवा कायदा केला. त्याच्या १३व्या कलमात, परवाना कुणाला द्यावा हे सांगताना, खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्यांना मांगरावर झोपणारा शेतकरी आठवला होता. ठासणीची पुरेशी नसेल तर काडतुसाची द्यावी, अशीही सोय त्यात आहे. भाऊंना परवाना १९६६ साली मिळाला. तेव्हा ते तीस वर्षांचे होते.

मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो हवाच होता. त्याआधी शिकारीच्या नावाखाली आपण रानाचं काय करून ठेवलं ते आठवून बघा. पण शेतकऱ्याच्या बाजूनं या दोन कायद्यांकडे एकत्र बघा. एक कायदा म्हणतो, पीक राखायला बंदूक घे. दुसरा म्हणतो, पीक खाणाऱ्या प्राण्यावर ती लेखी परवानगीशिवाय चालवू नको. उभ्या पिकाला धोका असेल तर रानडुक्कर मारायची परवानगी वनाधिकारी देऊ शकतात, तशी तरतूद आहे. आता मला सांगा, डुकरं रात्री दोन वाजता येतात. परवानगीचा अर्ज कार्यालय उघडल्यावर होतो.

माकडांचं तर आणखी वेगळं. २०२२ साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली, प्राण्यांच्या अनुसूची नव्यानं लिहिल्या गेल्या. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आलं. आपल्याकडचं डोक्यावर टोपीसारखे केस असलेलं माकड पहिल्या अनुसूचीत गेलं, जिथे वाघ आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला पिकाची नासाडी या कारणावरून हात लावता येत नाही. काजूच्या बागेत बी धरायच्या आधी बोंडं चावून टाकणारी टोळी आणि वाघ, दोघांना एकच कवच. माकडांना गोळ्या घाला असं मी म्हणत नाही, भाऊही कधी म्हणाले नाहीत. माकडावर बंदूक रोखली की ते हात जोडतं, असं ते सांगायचे. खरं-खोटं देव जाणे. पण ज्याची बाग गेली त्याला उत्तर काय द्यायचं, हा प्रश्न त्या अनुसूचीत कुठेच नाही.

२०२४ मध्ये मी भाऊंबरोबर दोनदा बंदूक जमा करायला गेले. ते अठ्ठ्याऐंशीचे होते. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या, ही पद्धत तुम्हाला माहीत असेल. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली. काजूचा हंगाम भरात होता, आंबा पुढे होता. निकाल ४ जूनला. बंदूक परत मिळाली तेव्हा पाऊस सुरू झालेला. म्हणजे बागायतीचा अख्खा हंगाम ती ठाण्यात. मग विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली. मतदान २० नोव्हेंबरला, निकाल २३ ला. गरवं भात पिकण्यापासून झोडण्यापर्यंतचा काळ अगदी मोजून हाच. शेतीसंरक्षणाची बंदूक वर्षातून ज्या दोन हंगामांत लागते, नेमक्या त्याच दोन हंगामांत ती शेतीपासून लांब होती.

निवडणुकीत बंदुका जमा करण्यामागे कारण आहे, ते मला कळतं. ज्या भागांत मतदान केंद्रावर गोळ्या चालल्या आहेत तिथे हे करायलाच हवं. पण निवडणूक आयोगाच्या सूचना सरसकट जमा करा असं म्हणत नाहीत. जिल्ह्यात छाननी समिती असावी, तिनं कुणावर गुन्हे आहेत, कोण जामिनावर आहे, हे पाहून ठरवावं, असं त्यात आहे. आमच्याकडे आलेली नोटीस सगळ्यांना एकच होती. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा म्हातारा ठासणीची बंदूक गोणपाटात गुंडाळून, रिक्षात मांडीवर आडवी धरून, लोकशाहीला आपल्यापासून धोका नाही हे सिद्ध करायला तालुक्याला गेला. ठाण्यात समोरच्या बाकावर आणखी सात-आठ म्हातारे, प्रत्येकाच्या मांडीवर तसंच गोणपाट. वयानं त्यांच्यातला सगळ्यात तरुण सत्तरीचा असावा. कुणालाही काजूच्या दराशिवाय दुसऱ्या विषयावर बोलायचं नव्हतं.

या बाकाकडे नीट बघितलं तर दिसतं की ही बंदूक धरणारी पिढी संपत आली आहे. आणि मग खरा प्रश्न येतो, पुढे काय?

२०२५ च्या जानेवारीत भाऊ गेले. परवानाधारक गेला की घरात शस्त्र ठेवता येत नाही, ते जमा करावं लागतं. आम्ही केलं. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे. भाऊ हयात असतानाही, सत्तरी ओलांडल्यामुळे, तो वारसाच्या नावावर करता आला असता. त्यांनी केला नाही. का केला नाही, हे घरात कुणी त्यांना विचारलं नाही. मी विचारलं होतं. ते म्हणाले, "कोणाक देव? हय रवता कोण?" कोणाला देऊ? इथे राहतं कोण?

माझे काका डोंबिवलीत. चुलतभाऊ पुण्यात आयटीत. त्याला बंदूक हवी आहे. भात कधी कापतात हे त्याला माहीत नाही, यावर मी त्याची टिंगल करणार नाही, मीही पोटासाठी मुंबईतच राहते. पण परवाना शेतीसंरक्षणाचा असताना पुण्यातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसानं तो का घ्यावा, असं मी ग्रुपवर विचारलं. उत्तर आलं, "घराण्याची आठवण आहे." मी लिहिलं, आठवण हवी असेल तर मांगराचं छप्पर शाकारून घे. त्यावर एका आत्यानं हात जोडल्याचा इमोजी टाकला, म्हणजे विषय बंद कर.

आमचं शेत गेली बावीस वर्षं एकच माणूस करतो. नाव लिहीत नाही. शेजारच्या वाडीतला, वय पन्नाशीचं. त्याचे आजोबा आमच्या पणजोबांची जमीन कसायचे. आमच्या घराकडे थोडी खोती होती, हे आमच्याकडे अभिमानानं सांगतात. तर या अभिमानाबद्दलही थोडं बोलू. खोती काढून टाकण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं होतं. खोती कायद्यानं गेली १९४९ साली. त्याच्या आदल्या वर्षी कूळकायदा आला. कितीतरी कुळांची नावं जमिनीला लागली. कितीतरींची लागली नाहीत, कारण सगळा व्यवहार तोंडी, आणि तोंडी व्यवहाराचा साक्षीदार बहुतेक वेळा खोताचाच माणूस. या माणसाच्या आजोबांचं नाव लागलं नाही.

आमच्या वाडीत चौदा घरं आणि बंदूक एकाच घरात होती, ती आमच्या. डुकरं मात्र चौदाही घरांच्या शेतांत जायची. शेजारच्या वाडीतही जायची. परवाना मागायला सातबारा लागतो, साहेबापुढे उभं राहायला धीर लागतो, शिफारस लागते. हे ज्याच्याकडे होतं त्याला बंदूक मिळाली. शिकारीत रान उठवायला मात्र दोन्ही वाड्या. वाट्याच्या वेळी मारणाऱ्याचा एक वाटा आणि बंदुकीचा वेगळा वाटा, हाकाऱ्यांना उरलेलं. बंदुकीला भूक लागते काय, असं मी लहानपणी विचारलं होतं तेव्हा सगळे हसले होते. तो खोतीचाच हिशेब होता, मटणात केलेला.

भाऊ थकल्यावर, गेली दहाएक वर्षं, मांगरावर झोपतो तो हा माणूस. डुकरं आली की आधी हाका मारायचा, "भाऊनू, डुकरां इलीत!" मग भाऊ काठी टेकत बांधापर्यंत जायचे आणि एक बार काढून परत यायचे. पंच्याऐंशीव्या वर्षी. बंदूक त्यांच्या नावावर होती म्हणून त्यांनाच उठावं लागायचं. शेत राखणारा एक, परवाना दुसऱ्याच्या नावावर, आणि मध्ये अंधारात चालणारा एक म्हातारा. कायदा पाळायचा तर असाच पाळावा लागतो.

भाऊ गेल्यावर त्यानं स्वतः परवान्यासाठी विचारणा केली. एका कार्यालयात त्याला सांगितलं, सातबारा दाखव. सातबाऱ्यावर आमची नावं आहेत: डोंबिवलीचं, पुण्याचं, मुंबईचं. पिकं कोण करतं ते तिथे नाही. म्हणजे शेत न राखणाऱ्या माझ्या चुलतभावापाशी कागद आहे, रक्त आहे, वारसाचा नियम आहे. शेत राखणाऱ्यापाशी डबा आहे.

डब्यानं डुकरं जात नाहीत, मग काय होतं तेही सांगायला हवं. बंदूक काढून घेतली की रान सुरक्षित होतं असं वाटणाऱ्यांसाठी खास. मोटारसायकलची जुनी क्लच वायर घेऊन तिची फासकी करतात आणि डुकराच्या वाटेवर लावतात. खर्च जवळपास शून्य, परवाना नको, आवाज नाही. फासकीला डुक्कर, भेकर, बिबट्या असा फरक कळत नाही. कोकणात बिबटे फासकीत अडकून मरतात ते यामुळे. काही ठिकाणी कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडतात, त्यात गुरं जातात, माणसंही जातात. रिकामा बार काढणाऱ्या म्हाताऱ्याच्या जागी आपण हे आणून बसवलं आहे. वन्यजीवांवर प्रेम असेल तर त्या आवाज करणाऱ्या बंदुकीशी भांडण्याआधी या न वाजणाऱ्या तारेबद्दल बोला.

दुसऱ्या बाजूचे लोक मला कुर्गाचं उदाहरण देतात. कोडवा लोकांना परवान्याशिवाय बंदूक ठेवायची सूट आहे. इंग्रजांच्या काळापासून आहे, आणि केंद्र सरकारनं ती २०२९ पर्यंत वाढवून दिली आहे. त्यांच्या कैलपोद सणाला बंदुकीची पूजा होते. बघा, तिथे संस्कृती म्हणून मान आहे, आपल्यालाही मिळायला हवा, असा युक्तिवाद. मला तो पटत नाही. ती सूट जन्मावर आणि जमिनीच्या हक्कावर दिलेली आहे. तेच तर आमच्याकडेही झालं, फक्त परवान्याच्या आडून. एका जातीच्या, एका घराण्याच्या हातात बंदूक असणं याला संस्कृती म्हणताना ज्यांच्या हातात ती कधीच नव्हती त्यांनाही विचारा.

मला पटलेलं उदाहरण केरळचं आहे. तिथे २०२२ साली सरकारनं रानडुक्कर मारायची परवानगी देण्याचा अधिकार पंचायतीच्या अध्यक्षांकडे दिला. परवानाधारक नेमबाजांची यादी करायची, तक्रार आली की त्यातल्या एकाला बोलवायचं. त्यात अडचणी असणारच, नेमबाज मिळत नाहीत, मेलेल्या जनावराच्या विल्हेवाटीचे नियम आहेत. पण निर्णय निदान डुकराच्या वेगानं होऊ शकेल एवढा गावाजवळ आला. आणि बंदूक कुणाच्या रक्ताची न राहता गावाच्या कामाची झाली. आपल्या ग्रामसभांनी हे मागायला काय हरकत आहे? गावात ज्यांनी शेत राखलंय त्यांतल्या दोघा-तिघांना प्रशिक्षण द्या, परवाना द्या, बंदुकीचा हिशेब ग्रामपंचायतीत ठेवा. टोप्यांची डबी हवी तर महिला बचतगटाकडे द्या. मी हे गमतीनं म्हणत नाही. आमच्या घरात ही पद्धत साठ वर्षं बिनबोभाट चालली.

आता राहिला आमच्या घरातला प्रश्न. वारसाच्या नावावर परवाना करायला बाकीच्या वारसांची संमती मागतात. बाबा नाहीत, म्हणून त्यांच्या जागी मी. बंदूक कुणाला द्यायची या चर्चेत माझं नाव कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं, "तुका कित्याक व्हयी बंदूक?" असं काकी हसून म्हणाल्या होत्या. मला नकोच आहे. पण संमतीपत्राच्या मसुद्यावर माझं नाव व्यवस्थित टाइप होऊन आलं, पीडीएफमध्ये, सहीच्या जागी पिवळी खूण करून.

मी घरच्यांपुढे एक अट ठेवली. जो शेत करतो त्याला कसण्याचा लेखी करार करून द्या. मग तो स्वतःच्या नावावर परवाना मागू शकेल, नुकसानीचा अर्जही करू शकेल. आज पंचनामा झाला तर भरपाई सातबाऱ्यावरच्या नावांना, म्हणजे आम्हाला मिळते, ही लाजिरवाणी गोष्ट तरी थांबेल. काकांनी फोन केला. चिडले नव्हते, समजुतीच्या सुरात बोलले. म्हणाले, "बाय, कागद दिलास तर कूळ लागतला." म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची भीती, जशीच्या तशी. बंदूक, जमीन, भरपाई, सगळ्याचं कुलूप त्या एका वाक्यात आहे.

मी सही केलेली नाही. चुलतभाऊ आठवड्यातून एकदा ग्रुपवर प्रश्नचिन्ह टाकतो. बंदूक ठाण्यात आहे, खोबरेल तेलाचा बोळा फिरवायला तिथे कुणी नाही, नळीला गंज धरला असेल. इकडे गरवं भात पोटरीला आलंय. काल रात्री शेतावरून मला फोन आला होता, पलीकडून आधी डबा बडवल्याचा आवाज, मग त्याचा आवाज, की कळप खालच्या वाफ्यात उतरलाय, आणि वनखात्याचा नंबर पाठव, माझ्याकडचा लागत नाही.